उद्याची गाडी

मी घर सोडलं ते गवताच्या गाडीवर बसून. आसनगावच्या वखारीला जाणारी बैलगाडी होती. वर मावेल तेवढं गवत रचलेलं, आणि त्या गवतावर मी, माझी पत्र्याची ट्रंक आणि आईनं फडक्यात बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकरी. थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, तो गाडी हाकत होता. आई बाजूनं चालत होती. तिला वर बस म्हटलं तर म्हणाली, बैलांना आधीच ओझं झालंय. साल सदतीस. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होऊन दोन दिवस झाले होते. मी एकोणीस वर्षांची होते आणि मुंबईला मिशनच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला निघाले होते.

ओढ्यापाशी आई थांबली. तिला परतायला हवं होतं, कारण पाटलाच्या खळ्यावर भात झोडून पडलं होतं आणि उपणायला तीच लागायची. रडारड काही झाली नाही. तिनं गाडीला हात लावला आणि वर माझ्याकडे बघून म्हणाली, "रत्ने, नाताळाला नाय आलीस तरी चालंल. पन आगमनात येक दिस ये. येकच दिस. माझ्यासंगं तिवईवर उभी ऱ्हा." मी म्हटलं, येईन. त्या वयात येईन म्हणायला काही लागत नाही.

हे मी दोघांसाठी लिहिते आहे. तुम्ही जे वाडीतच राहिलात, ज्यांना वाटतं की रत्ना मुंबईला जाऊन बाई झाली, त्यांच्यासाठी. आणि तुम्ही जे माझ्यासारखे ट्रंक उचलून निघालात, कुणी गिरणीत, कुणी बंदरावर, कुणी साहेबाच्या बंगल्यात, त्यांच्यासाठीही. काल संध्याकाळी मी गावाहून परत आले. आज ड्यूटी संपवून क्वार्टरमध्ये मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसले आहे. मी दमले आहे. ही दमणूक एका दिवसाची नाही, बारा वर्षांची आहे, म्हणून लिखाणात कुठे चिडचिड दिसली तर सांभाळून घ्या.

आमची वाडी शहापूरहून किन्हवलीला जाणाऱ्या वाटेवर, गावाच्या बाहेर, जिथे गावाला आम्ही राहिलेलं चालायचं तिथे. वीसेक घरं, त्यातली पाच ख्रिस्ती. जमीन कुणाचीच नाही. भात कापायचं ते दुसऱ्याचं, झोडायचं ते दुसऱ्याचं, गवत कापायचं तेही दुसऱ्याचं. आणि आगमनकाळ येतो तो नेमका याच दिवसांत. नाताळाच्या आधीचे चार रविवार माणसानं मन शांत करून वाट बघावी, असं पाळक सांगायचे. पाळक मुरबाडला राहायचे, महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. आम्ही त्यांचं ऐकून घ्यायचो आणि पहाटेच विळे घेऊन बाहेर पडायचो. मन शांत करायला आधी अंग कुठेतरी टेकायला लागतं. आमचं अंग त्या चार आठवड्यांत टेकायचं ते फक्त झोपेत.

आई तेवढी वेगळी होती. बाप मी पाच वर्षांची असतानाच गेला, त्यामुळे आमच्या घरातलं जे काही देवाधर्माचं होतं ते आईकडूनच आलेलं. तिला वाचता येत नव्हतं. गाण्यांचं पुस्तक ती उलटं धरायची आणि बरोबर गायची. प्रार्थना मोठ्यानं करायला सांगितली की तिची वाचा बसायची. पण पंचक्रोशीत भात उपणायला तिच्यासारखी कुणी नव्हती.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. झोडलेल्या भातात फोल असतं, पेंढ्याचा भुसा असतो. ते वेगळं करायला वारा लागतो. खळ्याच्या मध्ये तीन पायांची उंच लाकडी तिवई ठेवतात. त्यावर बाई चढते, खालून तिला भरलेलं सूप देतात, ते ती खांद्याच्या वर धरते आणि थांबते. वारा आला की सूप तिरकं करते. दाणा सरळ खाली पडतो, फोल लांब उडतं. वारा यायच्या आधी ओतलं तर सगळं एकत्रच खाली येतं आणि केलेलं काम पाण्यात जातं. म्हणून थांबायचं. हात भरून आले तरी थांबायचं. आणि बाई तिवईवर असेपर्यंत खळ्यावर कुणी अक्षर बोलायचं नाही, हा सगळ्या मुलखाचा रिवाज. बोललं की वारं बुजतं, असं म्हणायचे. खळ्याचा मालक पाटीलसुद्धा तंबाखू तोंडात धरून मुकाट उभा राहायचा, आणि त्याला गप्प बसवणारं जगात दुसरं काही नव्हतं.

आई तिवईवर उभी राहिली की बदलायची. एरवी ती सारखी काहीतरी करत असे, हाताला उसंत नाही, तोंडाला तर त्याहून नाही. पण भरलेलं सूप वर धरून ती उभी राहिली की पापणीसुद्धा हलायची नाही. डोळे उघडे, मान किंचित माहुलीच्या डोंगराकडे, कारण वारा तिकडून यायचा. लहानपणी एकदा मी विचारलं होतं, आये, वर उभी राहून काय करतेस? ती म्हणाली, "मागनं मागते." मी विचारलं, काय मागतेस? तर म्हणाली, "काय नाय. वारं आपल्या हातात नाय गो. सूप तेवढं आपल्या हातात. ते धरून ऱ्हायचं." मला ते काही पटलं नव्हतं. मागणं म्हणजे काहीतरी मागायला हवं, असा माझा समज.

एका आगमनात पाळक आले तर प्रार्थनेच्या कुडाच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. रविवार असूनही सगळे खळ्यावर, कारण आभाळ भरून आलं होतं आणि भात भिजलं असतं. पाळक रागावून सायकल ढकलत तिथेच आले आणि लांबूनच बोलायला लागले. पाटलानं हात वर केला आणि हळूच म्हणाला, "साहेब, जरा दमानं. बाय वर हाय." पाळक थांबले. एक हात सायकलच्या मुठीवर, डोक्यावर टोपी, तसेच उभे राहिले. वारा यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा आईनं सूप तिरकं केलं, भुसा त्यांच्या काळ्या कोटावर उडून बसला. ते झटकण्याच्याही भानगडीत पडले नाहीत. त्यानंतर आगमनात ते थेट खळ्यावरच यायचे. त्यांनी त्यावर उपदेश वगैरे केला नाही, हे मला आता फार मोठं वाटतं.

तर अशा आईला मी येईन म्हणून सांगून आले होते.

मुंबईत पहिली दोन वर्षं मी जीव मुठीत धरून काढली. इंग्रजी शब्द पाठ करायचे, मेट्रनच्या बुटांचा आवाज ओळखायचा, बेडपॅन धुवायचे. पहिल्या वर्षी मी खरंच गेले, एक दिवस, आणि आईबरोबर खळ्यावर राहिले. तिवईवर चढले नाही, नवी साडी होती म्हणून. खाली उभी राहून सगळ्यांना इस्पितळाच्या गोष्टी सांगत बसले. आई वर चढली की तेवढी गप्प व्हायचे.

पुढची पाच वर्षं मी गेले नाही.

कारणं होती. कारणांची काय कमी. आगमनकाळ आमच्या इस्पितळात जितक्या घाईचा असतो तितका बारा महिन्यांत दुसरा नसतो. थंडी पडली की दम्याचे, न्यूमोनियाचे पेशंट. त्यात वॉर्ड सजवायचे. कागदाच्या चांदण्या कापायच्या, कुणाचा वॉर्ड छान म्हणून सिस्टर लोकांत चुरस. रोज गाण्याची प्रॅक्टिस. पेशंटांसाठी भेटींची पुडकी बांधायची, पाहुण्यांना चहा. मग लढाई सुरू झाली, निम्म्या नर्सेस लष्करी इस्पितळांत गेल्या आणि दोघींचं काम एकीवर पडलं. मेट्रनबाई मोठ्या धार्मिक. त्यांनी नियम केला होता की आगमनात रोज संध्याकाळी पाच वाजता घंटा वाजेल आणि प्रत्येक नर्सनं असेल तिथे दहा मिनिटं गुडघे टेकून शांत राहायचं. आम्ही खाटांच्या बाजूला गुडघे टेकायचो. खोटं कशाला सांगू, गुडघ्यांवर झोपायला मी तिथे शिकले. एकदा जागी झाले तर माझं कपाळ पेशंटच्या गादीवर होतं आणि ती म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. तिला वाटलं मी रडते आहे.

दादाची पत्रं यायची. आईच्या शब्दांत तो लिहायचा, शेवटी नेहमी तेच. आगमनात एक दिवस येशील ना. मी उलट टपाली लिहायचे, यंदा जमेलसं वाटत नाही, पुढच्या वर्षी नक्की. आणि वर मानभावीपणे हेही लिहायचे, की आईनं आता तिवईवर चढू नये, वय झालं. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं. ती चढली नसती तर खळ्यावरून मजुरीचं येणारं भात कुणी दिलं असतं?

आता मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेशंटची नाडी एक मिनिट मोजायची असते. पूर्ण एक मिनिट, घड्याळाकडे बघत, बोटं मनगटावर ठेवून. पहिल्या वर्षी तेच शिकवतात. पण चाळीस खाटांचा वॉर्ड असला आणि सकाळच्या राउंडच्या आत चार्ट भरायचे असले, की प्रत्येक नर्स लवकरच एक शहाणपण शिकते. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. अठरा चोक बहात्तर, वीस चोक ऐंशी. बोटं उचलली की पुढची खाट. मी त्यात इतकी तरबेज झाले होते की सिस्टरही माझं उदाहरण द्यायच्या, रत्नाचा वॉर्ड बघा, राउंडच्या आधी तयार.

चव्वेचाळीस साली आगमनाच्या पहिल्या आठवड्यात मला एक दिवसाची रजा मिळाली. मागितली मीच, कारण दादाचं पत्र नेहमीपेक्षा लहान होतं. आईच्या अंगाला बरं नाही, पण ऐकत नाही, एवढंच. सकाळची पहिली गाडी धरून आसनगावला उतरले, तिथून कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार. ती शहापूरच्या चढावर दोनदा बंद पडली, उतरून आम्हीच ढकलली. खळ्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. संध्याकाळची गाडी मला गाठायलाच हवी होती, रात्री आठ वाजता ड्यूटी होती. म्हणजे हातात तीन तास होते आणि ते मी उतरल्यापासून मोजत होते.

आई तिवईवर होती. सूप वर धरलेलं, मान माहुलीकडे. मला बघितलं, पण हलली नाही, कारण वारा यायचा होता. मी खाली उभी राहिले आणि काय केलं असेल तर घड्याळ बघितलं. आमचं घड्याळ छातीवर उलटं टाचलेलं असतं, हातानं उचलून बघावं लागतं. मी ते तिच्या देखत तीनदा उचललं असेल. शेवटी वारा न येताच ती सूप घेऊन खाली उतरली. इतक्या वर्षांत तिला तसं उतरताना मी कधी बघितलं नव्हतं.

ती पेंढ्यावर बसली. पाय सुजलेले होते. मी ते बघितले आणि म्हटलं, उभं राहून राहून पाय सुजतात, माझेही सुजतात. मग ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "हितं पाखरू फडफडतंय गो. मधीच गप बसतं, मग फडफडतं." मी तिचा हात धरला. बोटं मनगटावर ठेवली, घड्याळ उचललं. सतरा, अठरा. पंधरा सेकंद झाले. अठरा चोक बहात्तर. बोटं उचलली आणि म्हटलं, नाडी चांगली आहे आये, दमली आहेस, चार दिवस विश्रांती घे.

ती माझ्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, "येवढ्यात झालं?" मी म्हटलं, हो, आम्हाला सवय असते. तिला इतका आनंद झाला की तिनं हाक मारून शेजारच्या जानकीकाकीला सांगितलं, "बघ गो, माझ्या लेकीनं नुस्ता हात धरला न् वळखलं."

मग ती मला म्हणाली, आता तू चढ. मी चढले. खालून जानकीकाकीनं सूप दिलं. सगळे गप्प झाले. दूरच्या गवताच्या गंजीवर एक कावळा होता, तोही ओरडत नव्हता. मी सूप वर धरून उभी राहिले आणि माझ्या डोक्यात सर्व्हिस मोटार, आसनगावची गाडी, कल्याणला थांबली तर किती थांबेल, वॉर्डातल्या सात नंबरच्या बाईचं ड्रेसिंग, कागदाच्या चांदण्या, सगळं एकाच वेळी चालू होतं. हात भरून आले. वाऱ्याचा पत्ता नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. मला शरम वाटते सांगायला, पण मी सूप ओतून टाकलं. दाणा आणि फोल एकदमच धप्प करून खाली आलं, जिथून आलं होतं त्याच राशीवर.  आई वाकली आणि ते हातानं परत सुपात भरायला लागली. मी म्हटलं, आये, गाडी चुकेल.

ओढ्यापर्यंत ती मला पोचवायला आली. सावकाश चालत होती, मी पुढे होऊन परत थांबायचे. निरोप घेताना तिनं माझ्या पदरावरचा भुसा काढला आणि हसत म्हणाली, "पुढल्या खेपेला उद्याची गाडी धर गो. आजची नको." मीही हसले आणि सर्व्हिस मोटार येताना दिसली म्हणून पळत सुटले.

नाताळाला पाच दिवस राहिले असताना ती गेली. मला तार मिळाली तेव्हा तिला पुरून झालं होतं. मी गेले तेव्हा करंजाच्या झाडाखाली ताज्या मातीचा उंचवटा होता. दादा फार बोलणारा नाही. पुढचं मला जानकीकाकीनं सांगितलं, आणि तिनं ते माझ्या समाधानासाठी सांगितलं, हे लक्षात ठेवा. किन्हवलीच्या बाजारात दर आठवड्याला मुरबाडहून मिशनचे म्हातारे डॉक्टर औषधं घेऊन येत. मी जाऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी दादानं आईला त्यांच्याकडे नेलं होतं. "लय येळ हात धरून बसला गो तो डाक्टर," काकी म्हणाली, "डोळं मिटून. मंग म्हनला, बाय, तुजं ठोकं चुकत्यात, हे बरेच दिसांचं हाय. कल्यानला मोठ्या दवाखान्यात चल, मी चिठ्ठी देतो. तर तुझी आय काय म्हनली ठावं हाय? म्हनली, माझी लेक मुंबैची नरस हाय. तिनं परवाच बघितली. ती म्हनली चांगली हाय. न् नाय गेली. तुज्यावर लय भरोसा व्हता गो तिचा."

काकीला वाटलं मला बरं वाटेल.

गेलेल्या ठोक्यांचं गणित मी किती वेळा केलं असेल. पंधरा सेकंदांत जो ठोका चुकला नाही तो सोळाव्या सेकंदाला चुकला असता, विसाव्याला चुकला असता. मिनिटभर थांबले असते तर माझ्या बोटांना कळलं असतं, एवढी मी चांगली नर्स होते. वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना मी नाव न सांगता विचारलं, की अशी एखादी बाई वेळेवर आली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, औषध आहे, काहींना दोन-चार वर्षं मिळतात, काहींना नाही. मी ते उत्तर घरी आणलं आणि अजून माझ्याजवळच आहे. दादाला मी हे कधीच सांगितलं नाही. दादा, तू आता हे वाचतो आहेस. तुला समोर बसवून सांगायची माझी हिंमत नव्हती.

त्यानंतर मी पूर्ण मिनिट मोजायला लागले. त्यात काही पुण्य नाही, मला दुसरं करताच येईना. पंधरा सेकंद झाले की बोटं आपोआप उचलायला बघायची आणि मी ती दाबून धरायचे. चाळीस खाटा म्हणजे चाळीस मिनिटं. सकाळी राउंडच्या आत चार्ट होईनात, सिस्टरची बोलणी खाल्ली, मेट्रननं बोलावून विचारलं की तब्येत ठीक आहे ना. नव्या मुली माझ्या मागे म्हणायच्या, रत्नाबाई नाडी बघत नाहीत, तपश्चर्या करतात. मी ऐकून घेतलं. नोकरी गेली नाही, पण बढतीही मिळाली नाही, आणि पायांची ही अशी दशा झाली.

पण त्या मिनिटात हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. ते मला नीट सांगता येणार नाही. पहिले पंधरा सेकंद मी मोजत असते. पुढचे पंधरा, पुढची खाट आठवत असते. मग कधीतरी मोजणं चालू राहतं आणि मी थांबते. माझं बोट, त्या परक्या माणसाचं मनगट, आणि मध्ये तो ठोका, जो मी आणू शकत नाही. तो येईल तेव्हा येईल. मी फक्त हात धरून राहायचं. असंच एका आगमनात खाटेपाशी उभं असताना माझ्या ध्यानात आलं की मी मान किंचित एका बाजूला केली आहे आणि डोळे उघडे आहेत. पाचची घंटा झाली की मी अजूनही गुडघ्यांवर पेंगते, देव मला माफ करो. माझी प्रार्थना सकाळी उभ्यानं होते, चाळीस वेळा, आणि तिच्यात एकही शब्द नसतो.

तुम्ही जे बाहेर पडलात, तुम्हाला माहीत आहे की गावाला गेलं की आपण पाहुणे होतो. पाटावर बसवतात, चहाला दूध जास्त घालतात, आणि गाडी किती वाजता आहे ते आधी विचारतात. मी त्या प्रश्नाला इतकी वर्षं तत्परतेनं उत्तर देत आले. घर म्हणजे काय, ते मी कुडाच्या भिंतींत शोधलं, त्या पडल्या. आईच्या मातीपाशी शोधलं, तिथे आता गवत आहे आणि दर साली ते कुणीतरी कापून नेतं. आता मला वाटतं, जिथून निघायची घाई नसते ते घर. असं ठिकाण मला पंचवीस मैलांवर होतं की पन्नास, याचा काही संबंध नव्हता. मीच कधी तिथे पोचले नव्हते.

यंदा मी तीन महिने आधीच अर्ज दिला. आगमनातले दोन दिवस. मेट्रननं विचारलं, घरी काही कार्य आहे का? मी म्हटलं, भात उपणायचं आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे, पण सही केली.

परवा दुपारी मी खळ्यावर पोचले. पाटील थकले आहेत, खाटेवर बसून असतात, पण गप्प राहायचं अजून विसरले नाहीत. जानकीकाकी तिवईवर होती. मला बघून उतरली आणि सूप माझ्या हातात दिलं. मी चपला काढल्या आणि चढले. पाय दुखत होते. आईच्या पायांना किती दुखत असेल ते वर चढल्यावरच कळलं. मी सूप उचललं, मान माहुलीकडे केली. घड्याळ ट्रंकेत ठेवून आले होते.

वारा नव्हता. दंड कापायला लागले, मग कापायचे थांबले. ऊन खळ्यावरून सरकत पेंढ्याच्या गंजीवर गेलं. काय काय आठवलं ते सांगत नाही. मग आठवायचंही थांबलं. खाली सगळे उभे होते, दादासुद्धा, हातात फावडं घेऊन. शेवटी जानकीकाकीलाच राहवलं नाही. माझ्यासाठी तिनं आयुष्यभराचा रिवाज मोडला आणि खालून हळूच म्हणाली, "उतर गो बाय. आज नाय येत वारं. तुजी गाडी चुकंल."

"नाय चुकत काकी," मी म्हटलं. "माझी गाडी उद्याची हाय."

आणि सूप तसंच धरून उभी राहिले.